ड्रॅक्युला (दूरचित्रवाणी मालिका, २०२०)

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ मधील कादंबरीवर आधारलेली तीन भागांची ब्रिटिश मालिका. लेखन ‘शरलॉक’कर्ते मार्क गॅटिस व स्टीव्हन मॉफट यांचे. १ ते ३ जानेवारी २०२० अशा सलग तीन रात्री ती बीबीसी वनवर दाखवली गेली, पाठोपाठ नेटफ्लिक्सवर आली. प्रत्येक भाग सुमारे दीड तासाचा. ड्रॅक्युलाच्या भूमिकेत डॅनिश अभिनेते क्लेस बँग.

सुरुवात दमदार आहे. कादंबरीतल्या डच प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगच्या जागी येथे अगाथा ही तल्लख, निर्भीड नन येते. डॉली वेल्स यांनी ती फार छान उभी केली आहे. ड्रॅक्युलाला इंग्लंडकडे नेणाऱ्या डिमीटर जहाजाचा प्रवास कादंबरीत कप्तानाच्या नोंदींतून थोडक्यात आटोपतो. मालिकेचा दुसरा भाग त्यावरच रचलेला असून तो अतिशय बांधेसूद आहे.

घोर निराशा तिसऱ्या भागात होते. समुद्रतळाशी १२३ वर्षे पडून राहिलेला ड्रॅक्युला २०२० सालच्या इंग्लंडमध्ये बाहेर पडतो. काळ बदलला हा दोष नव्हे. स्टोकर यांची कादंबरीही तिच्या काळात अगदी अद्ययावत होती: टंकलेखन यंत्र, तारा, फोनोग्राफवरील रोजनिशी, रक्त चढवण्याचे उपचार, सारे तिच्यात आहे. पण ड्रॅक्युलाच्या गढीतली सुरुवातीची प्रकरणे संपल्यावर तिच्यात तो क्वचितच समोर येतो. रोजनिश्या, पत्रे, कात्रणे जुळवत माणसे त्याचा माग काढतात आणि त्या न दिसण्यातूनच भीती वाढत जाते. मालिकेत तो सतत समोर असतो, कोट्या करतो, मोबाइलवर रमतो. कादंबरीची नायिका मीना जेमतेम दिसते, तिच्याभोवती जमणारी मंडळी जवळपास गायबच आहेत. ड्रॅक्युलाला बळी पडलेल्या ल्यूसी या तरुणीचे शुद्धीत असताना होणारे दहन तेवढे अंगावर येते.

शेवटी उलगडा होतो, की क्रूस आणि सूर्यप्रकाश यांची धास्ती म्हणजे ड्रॅक्युलाचे मृत्युभयच. हा उलगडा पोकळ वाटतो, कारण स्टोकर यांचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. उन्हाने मरणारा रक्तपिपासू रूढ केला तो १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन चित्रपटाने.

कादंबरीशी इमान राखणारे रूपांतर पाहायचे असेल, तर बीबीसीचेच १९७७ मधील ‘काउंट ड्रॅक्युला’ पाहावे. त्यात लुई जूर्दां यांचा सरदार हळू आवाजात, मोजके बोलतो.