समदुःखितांचे सख्य

घरात कोणाला ताप आला, हाड मोडले, तर ती बातमी सायंकाळपर्यंत सगळ्या आळीला कळते. कोणी पेज आणून देतो, कोणी वैद्याचे नाव सुचवितो. पण त्याच घरात कोणाचे मन आजारी पडले, तर प्रथम दार लोटले जाते. ‘त्याची तब्येत जरा बरी नसते’ एवढ्याच शब्दांवर सोयऱ्याधायऱ्यांची बोळवण होते. या लोटलेल्या दारामुळे मनोविकारांचा इतिहास आपल्याला एकाच बाजूने वाचावा लागतो. तो लिहिला वैद्यांनी, न्यायाधीशांनी आणि इस्पितळांच्या व्यवस्थापकांनी. ज्यांना वेडे म्हटले गेले त्यांनी एकमेकांसाठी काय केले, हे प्रकरण त्यात सहसा सापडत नाही. आज आम्ही तेच प्रकरण उघडून पाहणार आहोत.

ज्या आजाराची येथे विशेष चर्चा आहे तो मनाच्या भरती-ओहोटीचा आजार होय. कधी उत्साहाला पूर येतो, झोप उडते, पैसा आणि शब्द दोन्ही अनावर खर्च होतात. तर कधी महिनेच्या महिने अंथरुणातून उठणेही पर्वत चढण्यासारखे होते. चरकसंहितेत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे. १८९९ साली जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन याने भरती आणि ओहोटी या एकाच विकाराच्या दोन बाजू असल्याचे मांडले. त्याला आज ‘बायपोलर’ म्हणतात. नुसत्या ओहोटीला ‘डिप्रेशन’ म्हणतात. पण नाव ठेवल्याने एकटेपणा जात नाही.

आमच्या कथेचा पहिला नायक इंग्लंडातला आहे. १८१२ साली तेथील पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा खून झाला. त्यांचा मुलगा जॉन तेव्हा लहान होता. पुढे तो लष्करात अधिकारी झाला, आणि १८३० च्या अखेरीस त्याला धर्मविषयक भ्रमांनी ग्रासले. घरच्यांनी त्याला ब्रिस्टलजवळच्या एका नामांकित खासगी आश्रमात ठेवले. तेथे त्याला बांधून ठेवीत, थंड पाण्याची स्नाने घालीत. परंतु बरा झाल्यावर त्याने सर्वांत तीव्र तक्रार केली ती निराळीच. आपल्याला कोणी काही विचारले नाही, काही सांगितले नाही, घरातील लाकडी सामान हलवावे तसे हलविले, ही त्याची खंत होती. १८३८ आणि १८४० साली त्याने आपली हकीकत दोन भागांत प्रसिद्ध केली.

पुस्तक लिहून तो थांबला असता, तर तो केवळ एक लेखक ठरला असता. १८४५ साली अशाच अनुभवांतून गेलेले काही लोक आणि रुग्णांचे आप्त एकत्र आले. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव मराठीत आणायचे तर ‘वेडे ठरविलेल्यांची मित्रसभा’ असे आणावे लागेल. पर्सिव्हल तिचा चिटणीस झाला. अन्यायाने डांबलेल्यांची सुटका करणे, आश्रमांना भेटी देणे, गरीब रुग्णांची दाद लावून घेणे ही तिची कामे. १८५९ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना आपण राणीसाहेबांच्या समस्त वेड्यांचे वकील आहोत, अशा अर्थाचे विधान त्याने केले. तत्कालीन प्रतिष्ठितांनी या सभेला फारशी किंमत दिली नाही, आणि काही वर्षांतच ती मावळली. पण सोसलेल्याने सोसणाऱ्याची बाजू मांडायची, हा पायंडा पडला.

दुसरी कथा अमेरिकेतली आहे आणि आम्हांला ती अधिक हृद्य वाटते. क्लिफर्ड बीअर्स हा येल विद्यापीठाचा पदवीधर. त्याच्या भावाला अपस्मार होता; तोच रोग आपल्याला होणार या भीतीने त्याला पोखरले आणि १९०० साली त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला, पण पुढील तीन वर्षे कनेटिकट संस्थानातल्या तीन इस्पितळांत गेली. भेटीला येणारे आप्त खरे नव्हेत, वेष पालटून आलेले पोलिस आहेत, असा त्याचा दृढ समज झाला. दोन वर्षे कोणत्याही वैद्याला तो काढता आला नाही.

तो निघाला एका सहरुग्णामुळे. या गृहस्थाला इस्पितळाबाहेर एकटे फिरण्याची मुभा होती. त्याने बीअर्सशी वाद घातला नाही. गावातील रहिवाशांच्या पत्त्यांचे पुस्तक पाहून त्याने भावाचा पत्ता आणून दिला. बीअर्सने त्या पत्त्यावर पत्र लिहिले: तुम्ही खरोखर माझे बंधू असाल तर हेच पत्र हाती घेऊन या. १९०२ च्या ऑगस्टमध्ये भाऊ आला. त्याच्या हातात ते पत्र होते. त्या क्षणी भ्रमाचा डोलारा कोसळला. यातला मर्म ध्यानात घेण्यासारखा आहे. सहरुग्णाने उपदेश केला नाही. पडताळून पाहण्याचे साधन हाती दिले. वैद्याच्या शब्दावर ज्याचा विश्वास नव्हता, त्याने आपल्यासारख्याच माणसावर विश्वास ठेवला.

बीअर्स लगेच बरा झाला असे मात्र नव्हे. ओहोटी संपताच भरती आली, आणि त्या उत्साहाच्या भरात त्याला कोंडीत व मारझोडीत दिवस काढावे लागले. १९०८ साली त्याचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. विल्यम जेम्स या थोर मानसशास्त्रज्ञाने त्याला पाठबळ दिले. त्याच वर्षी कनेटिकटमध्ये आणि १९०९ साली साऱ्या देशासाठी मानसिक आरोग्याची संस्था निघाली. पण संस्था वाढली तशी तिच्यावर वैद्यांची आणि धनिकांची छाप पडत गेली. रुग्णांनी परस्परांना आधार देण्याचे काम मागे राहिले. स्वतः बीअर्स १९३९ साली पुन्हा इस्पितळात दाखल झाला आणि १९४३ साली तेथेच वारला. ज्याने चळवळ उभारली त्यालाही आजार चुकला नाही, हे सत्य झाकू नये.

राहिलेले काम दुसऱ्यांनी उचलले. १९३५ साली ॲक्रन गावी दोन मद्यपीडितांनी एकमेकांना सावरले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ जन्मास आली. १९३७ साली शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या रुग्णांची ‘रिकव्हरी’ नावाची मंडळी जमविली. रोजच्या जीवनातला एखादा साधा प्रसंग सांगायचा, आपण कसे डगमगलो व कसे सावरलो ते मांडायचे, आणि इतरांनी त्यावर बोलायचे, अशी तेथील रीत. लो १९५४ साली वारले. तत्पूर्वीच त्यांनी सूत्रे सभासदांच्या हाती दिली होती. वैद्याने आपण होऊन बाजूला व्हावे, ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड इस्पितळातील काही रुग्णांनी १९४० नंतरच्या दशकात एक मंडळी काढली आणि तिला ‘आम्ही एकटे नाही’ असे नाव दिले. तिच्यातूनच १९४८ साली ‘फाउंटन हाउस’ ही प्रसिद्ध संस्था उभी राहिली.

याच सुमारास औषधातही क्रांती झाली. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड याने उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवून दिला. अमेरिकेत त्याला १९७० साली मान्यता मिळाली. औषधाने माणूस स्थिर झाला, आणि मग नवे प्रश्न उभे राहिले. औषध जन्मभर घ्यायचे का? नोकरीच्या ठिकाणी सांगायचे का? लग्न करायचे का? यांची उत्तरे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाहीत. इंग्लंडात १९८३ साली आणि अमेरिकेतही त्याच दशकात या विशिष्ट विकाराच्या रुग्णांच्या संघटना निघाल्या. पुढे संगणकांची जाळी पसरली, आणि १९९० नंतर विषादाने जागे असलेला एक माणूस मध्यरात्री हजारो मैलांवरच्या दुसऱ्या जाग्या माणसाशी लेखी बोलू लागला. २०२० च्या साथीत सभागृहे बंद झाली तेव्हा अनेक मंडळींच्या बैठका पडद्यावर भरू लागल्या. बीअर्सच्या पत्राला उत्तर मिळण्यास एक दिवस लागला होता. आता क्षणही लागत नाही.

परंतु साधन झपाट्याचे झाले म्हणून विवेकाची गरज कमी होत नाही, उलट वाढते. निनावी माणूस मोकळा होतो, तसाच तो बेजबाबदारही होऊ शकतो. कोणी लिहितो, ‘मी गोळ्या सोडल्या, तुम्हीही सोडा’. आणि वाचणाऱ्याचे सारे आयुष्य विसकटते. निराशेच्या गोष्टी ऐकून निराशा वाढते, असेही घडते. म्हणून चांगल्या मंडळींत काही नियम पाळले जातात: औषधाचा सल्ला वैद्याचाच, ऐकलेले बाहेर नेऊ नये, आणि कोणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसू नये. समदुःखी माणूस वैद्याची जागा घेत नाही. वैद्य जेथे पोचत नाही ती जागा तो भरतो.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ऐन रणांगणावर विषादाने गळून गेलेल्या अर्जुनाजवळ वैद्य नव्हता, सखा होता. पंढरीच्या वाटेवर दिंडीतला माणूस थकलेल्याचे ओझे घेतो, त्याची जात वा हकीकत विचारीत नाही. आधुनिक काळातही महाराष्ट्राने ही वाट धरली आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून सुटलेली माणसे तेथे इतरांना हात देतात. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरात स्किझोफ्रेनिया अनुभवला आणि पुण्यात रुग्ण व आप्त यांच्यासाठी संस्था उभारली. त्यांच्याच प्रेरणेने २००४ चा ‘देवराई’ चित्रपट झाला. एका घराने दार उघडले आणि किती घरांना वाट मिळाली!

कायद्याची वाटचालही पाहण्यासारखी आहे. १९१२ च्या कायद्यात रुग्णाला ‘ल्यूनॅटिक’ म्हटले होते; तो १९८७ च्या कायद्याने रद्द केला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने नवे पर्व आणले. या कायद्यातील पुनर्विलोकन मंडळांवर स्वतः मनोविकार अनुभवलेल्यांना, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींना बसण्याची तरतूद आहे. १८५९ साली पर्सिव्हल साक्षीदार म्हणून समितीपुढे उभा राहिला होता. आज त्याच्यासारख्याला मंडळात खुर्ची मिळू शकते. खुर्ची कायद्याने दिली. तिच्यावर बसणाऱ्याचे बोलणे मनापासून ऐकणे हे मात्र समाजाचे काम आहे.

या सभागृहातून घरी गेल्यावर कदाचित आपल्याच आळीतले एखादे लोटलेले दार आपल्याला आठवेल. तेथे जाऊन उपदेश करू नये. बसावे, ऐकावे, आणि गरज दिसली तर योग्य ठिकाणचा पत्ता आणून द्यावा. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही अशा पत्त्यांपैकीच एक आहे. बीअर्सच्या त्या अनाम सोबत्याने याहून अधिक काही केले नव्हते.