गल्ला किती जमला?

जुन्या चित्रपटांविषयी वाचताना एक वाक्य हमखास भेटतं, 'चित्रपट तुफान चालला.' तुफान म्हणजे नक्की किती, हे शोधायला बसलं की खरी गंमत सुरू होते.

प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून जास्त चालला. 'किस्मत' (१९४३) कलकत्त्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून जास्त. 'शोले' १९७५ पासून मिनर्व्हात पाच वर्षं. हे सगळे आकडे काळाचे आहेत, पैशांचे नाहीत. आपल्याकडे यश मोजलं गेलं ते आठवड्यांत: २५ झाले की रौप्यमहोत्सव, ५० झाले की सुवर्णमहोत्सव.

कारण उघड आहे. आठवडे वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळून कुणालाही मोजता येतात. गल्ला मात्र थिएटरवाला, वितरक आणि निर्माता यांच्यातला मामला. थिएटरवाल्याने तिकिटं कमी दाखवली की करमणूक करही वाचायचा आणि वितरकाचा वाटाही. निर्माता जाहिरातीत आकडा फुगवणार आणि प्राप्तिकर खात्यापुढे आवळणार. पण म्हणून आठवड्यांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. दिवसाला एकच मॅटिनी खेळ ठेवून किंवा पदरचं भाडं भरून महोत्सव गाठण्याचे प्रकारही धंद्यात चालत.

बरं, रुपयांतला आकडा सापडलाच, तरी तो कशाचा? तिकीटविक्रीची एकूण रक्कम म्हणजे ग्रॉस, त्यातून कर वजा केला की नेट, आणि थिएटरचा हिस्सा काढून वितरकाच्या हाती पडतो तो शेअर. एकाच चित्रपटाचे हे तीन आकडे एकमेकांपासून फार लांब असतात, आणि लिहिणारे 'कमाई' या एकाच शब्दात तिन्ही कोंबतात.

त्यात भूगोलाची भर. हिंदी चित्रपटांच्या व्यापारात महाराष्ट्र नावाचा विभागच नाही. विदर्भ 'सी.पी. बेरार'मध्ये, मराठवाडा 'निजाम'मध्ये आणि बाकीचा भाग गुजरातसह 'बॉम्बे'मध्ये. राज्य १९६० साली झालं, वितरकांच्या वह्यांनी जुने नकाशे सोडले नाहीत. त्यामुळे 'बॉम्बे'चा आकडा महाराष्ट्राचा म्हणून वापरला की गणित तिथेच चुकतं.

मला सगळ्यात भरवशाचा कागद वाटतो तो करमणूक कराचा. मुंबई इलाख्यात या कराचा कायदा १९२३ सालचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ही व्यवस्था संपली. चोरी इथेही होतीच, पण कराचा आकडा निदान तळाचा असतो: विक्री याहून जास्त असेल, कमी नाही. सत्तरच्या दशकात मराठी चित्रपटांसाठी करपरतावा योजना आली, तेव्हा तर उलटच झालं. जितका कर भरलेला दिसेल तितकी पुढच्या चित्रपटाला मदत, म्हणजे विक्री पूर्ण दाखवण्यात निर्मात्याचाच फायदा! आकडा कुणी आणि कशासाठी लिहिला, हे कळल्याशिवाय तो वाचू नये, असं मला वाटतं ते यामुळेच.

ही उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. समीक्षकांची मतं छापून राहतात. पुढच्या बाकांवर बसून शिट्ट्या मारणाऱ्याने मात्र काही लिहून ठेवलेलं नसतं. त्याचं मत म्हणजे त्याने फाडलेलं तिकीट. गल्ल्याचा आकडा चुकीचा लिहिला, तर इतिहासातून नेमका तोच माणूस गळतो.