लंडनची पिल्ले आणि ‘ड’ जीवनसत्त्व

लहान मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकवणारा मुडदूस एकेकाळी धुरकट विलायती शहरांत सर्रास दिसे. कोणी कोंदट हवेला दोष देई, कोणी अंधाराला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तर सिंहाचे छावेही मुडदुसाने दगावत. १८८९ साली जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदांनी छाव्यांना मांसाबरोबर कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल द्यायला सांगितले. छावे सुधारले. उपाय सापडला, पण कारण कळले नाही.

ते कारण आहारात आहे, हे दाखवले एडवर्ड मेलन्बी यांनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांना पाव, ओट्स आणि मलई काढलेले दूध अशा आहारावर ठेवले. काही महिन्यांत पिल्लांना मुडदूस झाला. ज्यांना कॉडचे तेल मिळाले, ती मात्र धडधाकट राहिली. हे संशोधन १९१९ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा आहे, हे सिद्ध केले. तेच ‘ड’ जीवनसत्त्व.

१९१९ सालीच बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुलांचा मुडदूस बरा केला होता. माणसाची त्वचा उन्हात हे जीवनसत्त्व तयार करते. मग कुत्र्या-मांजरांचेही तसेच असणार, असे आपण सहज धरून चालतो. पण नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले, की त्यांच्या त्वचेत त्यासाठी लागणारा कच्चा मालच फार थोडा असतो. अतिनील किरण देऊनही त्यांच्या त्वचेतले ‘ड’ फारसे वाढत नाही. उंदरांच्या त्वचेत मात्र ते कितीतरी पटींनी वाढले.

म्हणून मला सांगावेसे वाटते, की खिडकीतल्या उन्हात पसरलेल्या मनीला ऊब मिळते, ‘ड’ जीवनसत्त्व नव्हे. ते तिला अन्नातूनच मिळायला हवे. वाढत्या पिल्लाला नुसती दूध-पोळी पुरत नाही. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असते, त्यानेही हाडे ठिसूळ होतात. मात्र घाबरून आपली औषधे त्यांना देऊ नयेत. ‘ड’ जास्त झाले, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती द्यायचे, हे पशुवैद्यालाच विचारावे.

मेलन्बींच्या पिल्लांना मुद्दाम आजारी पाडले गेले. त्यातून आपली मुले सरळ पायांनी चालू लागली. निदान आपल्या दारातल्या पिल्लाच्या ताटलीकडे तरी आपण नीट पाहायला हवे.