खिशातला की गळ्यातला? डिजिटल कॅमेऱ्याच्या दशकातली एक निवड

इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा दुकानातला प्रश्न कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घ्यावा, की थोडे जास्त पैसे घालून सुरुवातीच्या पातळीचा डीएसएलआर? पण साधारण २००३ ते २०१२ या काळात हा प्रश्न आपल्याकडच्या कितीतरी घरांत गांभीर्याने चर्चिला गेला. बोनस आला, परदेशातला भाऊ सुट्टीवर येणार आहे, घरात लग्न आहे किंवा बाळ व्हायचंय, अशा वेळी हा विषय निघायचा. जो निर्णय व्हायचा त्यावरून त्या घराचे पुढच्या पाच-सात वर्षांचे फोटो कसे दिसणार हे ठरायचं. आणि कशाचे फोटो निघणार, कशाचे निघणारच नाहीत, हेही ठरायचं. आज आम्हाला मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात तारखेनेच करू. २० ऑगस्ट २००३. कॅननने त्या दिवशी ईओएस ३००डी हा कॅमेरा जाहीर केला. अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत ८९९ डॉलर आणि १८-५५ लेन्ससकट ९९९ डॉलर. हजार डॉलरच्या आत आलेला हा पहिला डीएसएलआर. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नायकॉनने डी७० आणला. त्याआधी डीएसएलआर म्हणजे वर्तमानपत्राचा फोटोग्राफर किंवा स्टुडिओवाला, असं समीकरण होतं. लेखनिकाच्या किंवा शिक्षकाच्या घरात 'आपणही घेऊ शकतो' हा विचार शिरला तो या कॅमेऱ्यांमुळे. त्याआधी कॉम्पॅक्टच घ्यायचा, फक्त कुठला ते ठरवायचं.

प्रश्न मात्र तेव्हा जन्मलेला नाही, तो बराच जुना आहे. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा काढला. २५ डॉलरचा तो डबा, आत शंभर फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, १० डॉलर भरायचे, की फोटो छापून आणि नवा रोल भरून परत यायचा. व्यावसायिक फोटोग्राफरांनी नाकं मुरडली असणार, आणि फोटोंच्या दर्जापुरतं त्यांचं चुकीचंही नव्हतं. पण समुद्रावर खेळणारी मुलं, अंगणातलं कुत्रं, सहलीतला गोंधळ यांचे फोटो निघायला लागले ते या डब्यामुळे. काचेची प्लेट आणि तिकाटणं घेऊन कुणी कुत्र्याच्या मागे धावत नव्हतं.

मग ऑस्कर बार्नाक. जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ कंपनीत काम करणारा तंत्रज्ञ. त्याला दम्याचा त्रास होता आणि प्लेटचा जड कॅमेरा डोंगरावर वाहून नेणं झेपत नव्हतं. त्याने सिनेमाची फिल्म आडवी फिरवली आणि दोन चौकटींची एक करून २४ बाय ३६ मिलिमीटरची निगेटिव्ह घेणारा छोटा कॅमेरा बनवला. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत तो 'लायका' म्हणून बाजारात आला. निगेटिव्ह बोटाएवढी, म्हणजे मोठी कॉपी काढली की दाणे दिसणार. हा तोटा लोकांनी माहीत असून पत्करला.

हे दोन प्रकार एकाच प्रसंगी शेजारी बघायचे तर १९४८ च्या जानेवारी-फेब्रुवारीतली दिल्ली आठवा. गांधीजींच्या हत्येनंतर हेन्री कार्तिये-ब्रेसाँ तिथे लायका घेऊन फिरत होते. अंत्यसंस्काराचे फोटो होमाई व्यारावाला यांनीही काढले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे त्यांच्या कारकिर्दीतले नेहमीचे कॅमेरे. स्पीड ग्राफिकच्या नेहमीच्या फिल्मचं एक पान ४ बाय ५ इंचांचं, म्हणजे अंदाजे १३ हजार चौरस मिलिमीटर. लायकाची चौकट ८६४ चौरस मिलिमीटर. फरक साधारण पंधरा पटींचा.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता आपण थेट २००६ मध्ये येतोय. त्या वर्षी नायकॉनचा डी४० आला. सहा मेगापिक्सेलचा, त्या काळाच्या मानाने छोटा आणि स्वस्त डीएसएलआर. त्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस मिलिमीटर. त्या वेळच्या सर्वसाधारण कॉम्पॅक्टमधला सेन्सर ५.८ बाय ४.३ मिलिमीटरचा, म्हणजे २५ चौरस मिलिमीटर. भागाकार करून बघा. पुन्हा पंधरा पट! निव्वळ योगायोग आहे हा, पण समजून घ्यायला फार सोयीचा. १९४८ मध्ये फोटोग्राफर जी किंमत मोजत होते, जवळजवळ तीच २००६ मध्ये आपण मोजत होतो.

आता पंधरा पट म्हणजे व्यवहारात काय? पावसाचं पाणी धरायला अंगणात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर परातीत जास्त पाणी जमणार. उजेडाचं तसंच. भर दुपारी पाऊस धो धो असतो, वाटीही भरते. म्हणून उन्हात काढलेला कॉम्पॅक्टचा फोटो आणि डीएसएलआरचा फोटो पोस्टकार्ड साइझमध्ये शेजारी ठेवले, तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. संध्याकाळ झाली की मात्र वाटीचं पितळ उघडं पडतं. घरातली गणपतीची आरती घ्या. समईचा उजेड, वर एखादा दिवा. कॉम्पॅक्ट एक तर फोटो हलवणार, नाहीतर त्यात रंगीत ठिपक्यांची रांगोळी घालणार, नाहीतर फ्लॅश मारणार. तो फ्लॅश तीन-चार मीटरच पोचतो. पुढे उभ्या काकूंचा चेहरा पांढराफटक, मागचे सगळे अंधारात, समईची ज्योत असून नसल्यासारखी. फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असल्यामुळे डोळे लाल, ते वेगळंच. त्या दशकातले घरगुती अल्बम उघडा, रात्रीच्या प्रत्येक समारंभात हे लाल डोळे भेटतील.

दुसरा फरक वेळेचा. डीएसएलआरमध्ये आरशाच्या मागचा एक छोटा आरसा थोडा उजेड खालच्या फोकसच्या सेन्सरकडे पाठवतो. लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची, हे त्या सेन्सरला एका मापात कळतं. कॉम्पॅक्टला ही सोय नव्हती. तो लेन्स पुढे-मागे करत चित्र कुठे सर्वांत स्पष्ट दिसतंय ते चाचपडत शोधायचा. बटण दाबल्यावर अर्धा-एक सेकंद जायचा. डोंगराला त्याने काही फरक पडत नाही, पण हसणाऱ्या बाळाला पडतो. बाळाची पाठ, बाळाची मान, रिकामी सतरंजी असे फोटो ज्यांच्याकडे ढिगाने आहेत, त्यांना आम्ही काय म्हणतोय ते कळेल.

इतकं सगळं डीएसएलआरच्या बाजूने असताना दुकानात चर्चा कशाची व्हायची? मेगापिक्सेलची! मुंबईच्या बोरा बाजारात जा नाहीतर गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, डब्यावर मोठ्या अक्षरांत तोच आकडा. डी४० वर सहा आणि त्याच्या निम्म्या किमतीच्या कॉम्पॅक्टवर दहा. गिऱ्हाईक गोंधळणारच. ४ बाय ६ इंचाची उत्तम कॉपी काढायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, हे सांगण्यात कुणाला रस नव्हता. छोट्या सेन्सरवर ठिपके वाढवत नेले की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. शेवटी कंपन्यांनाही हे मान्य करावं लागलं. कॅननच्या पॉवरशॉट जी१० मध्ये २००८ साली साडेचौदा मेगापिक्सेलच्या वर गेलेला आकडा पुढच्याच वर्षी जी११ मध्ये दहावर आणला गेला. नवं मॉडेल आणि आकडा कमी! कॅमेऱ्याच्या बाजारात असं क्वचित घडतं.

पण डीएसएलआर घेणाऱ्यांचंही सगळं बरोबर चाललं होतं असं नाही. बहुतेकांनी बॉडीबरोबर मिळालेली १८-५५ लेन्स लावली आणि आयुष्यभर तीच ठेवली. झूम केली की तिचं तोंड एफ ५.६ एवढंच उघडतं. एफ १.८ ची साधी ५० मिलिमीटरची लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि ती महागही नव्हती. म्हणजे परात घ्यायची आणि तिच्यावर झाकण ठेवायचं, असला प्रकार. त्यातही एक गोम होती. डी४० च्या बॉडीत फोकसची मोटर नव्हती, त्यामुळे नायकॉनची जुनी स्वस्त ५० ची लेन्स त्यावर हाताने फोकस करावी लागायची. मोटर असलेली ३५ मिलिमीटर एफ १.८ आली ती २००९ मध्ये. दुकानदार हे सांगायचाच असं नाही.

आता घरात काय झालं ते बघू, कारण आमच्या मते या निवडीचा खरा परिणाम तिथे आहे. ३००डी किंवा डी४० वर मागच्या पडद्यात बघून फोटो काढता येत नव्हता, डोळा लावूनच काढायचा. व्हिडिओ नव्हताच. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर नायकॉनचा डी९०, तो २००८ चा. त्यामुळे घरात एक जण 'फोटोग्राफर' व्हायचा, बहुधा मोठा मुलगा किंवा बाबा. कॅमेरा त्याच्या बॅगेत, बॅग कपाटात. 'हात लावू नकोस, बुरशी लागेल लेन्सला' हे कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांत ठरलेलं वाक्य, आणि आपल्या दमट हवेत ते खोटंही नव्हतं. अशा घरांचे सण, लग्न, सहली फार सुंदर दिसतात. पण दोन गोष्टी सापडत नाहीत. एक, तो फोटोग्राफर स्वतः. दुसरी, मंगळवार. कुणीही मंगळवारी दुपारी आईचे गहू निवडतानाचे फोटो काढायला बॅग उघडत नव्हतं.

कॉम्पॅक्ट मात्र फ्रिजवर पडलेला असायचा. तो आजीच्या हातात जायचा, सहा वर्षांच्या मुलाच्या हातात जायचा. वाकडे फोटो, अंगठा आलेले फोटो. त्यातच जुनी मोरी, भिंतीवरचं कालनिर्णय, बदललेला सोफा, गेलेले आजोबा खुर्चीत पेपर वाचताना. यापूर्वी आपल्याकडे हे काम बडोद्यात बनलेल्या अग्फा क्लिक थ्रीने काही प्रमाणात केलं होतं, पण एका रोलवर बाराच फोटो म्हटल्यावर मंगळवार कोण काढणार? फुकट फोटो आणि खिशातला कॅमेरा या दोन गोष्टी कॉम्पॅक्टमध्ये पहिल्यांदा एकत्र आल्या.

म्हणून कुणी आम्हाला विचारलं, की त्या काळात एकच कॅमेरा घेण्याइतके पैसे असलेल्या घराने काय घ्यायला हवं होतं, तर आम्ही कॉम्पॅक्ट म्हणू. रात्रीचे फोटो वाईट येणार हे धरून. लग्नात फोटोग्राफर तसाही बोलावलेला असतो. अपवाद एकच, ज्याला फोटोग्राफी शिकायची आहे त्याचा. त्याने डीएसएलआर घ्यावा आणि दुसरी लेन्स तीच, एफ १.८ ची.

दोन्हींचा मेळ घालायचे प्रयत्न झालेच. ऑलिम्पसमध्ये योशिहिसा माइतानी नावाचे अभियंते होते. त्यांनी १९५९ मध्ये अर्ध्या चौकटीचा, ३६ च्या रोलवर ७२ फोटो देणारा छोटा 'पेन' कॅमेरा केला, आणि पुढे १९७२ मध्ये ओएम मालिकेचा आटोपशीर एसएलआरही केला. आयुष्यभर त्यांनी याच एका प्रश्नाशी झटापट केली असं म्हणायला हरकत नाही. पेनच्या पन्नाशीला, २००९ मध्ये, ऑलिम्पसने त्याच नावाने बिनआरशाचा, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा आणला. त्याच वर्षी माइतानी वारले. २०१२ मध्ये सोनीच्या आरएक्स१०० ने खिशातल्या कॅमेऱ्यात जुन्या कॉम्पॅक्टच्या साडेचार पट मोठा सेन्सर बसवला.

तोवर उशीर झाला होता. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, त्यातले १० कोटींहून अधिक न बदलणाऱ्या लेन्सचे. २०१९ मध्ये एकूण आकडा दीड कोटीवर आला. आधी फोनने कॉम्पॅक्ट गिळला आणि मग सुरुवातीच्या पातळीच्या डीएसएलआरला बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी बाजूला सारलं.

आता एक काम सांगतो आणि थांबतो. त्या दशकातले फोटो घरी सीडीवर, जुन्या हार्ड डिस्कवर, कपाटातल्या मेमरी कार्डवर असतील. घरी जळवलेल्या सीडी कायम टिकत नाहीत, तेव्हा आधी त्यांची प्रत काढा. मग कुठल्याही फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, फ्लॅश पडला की नाही, झूम किती, सगळं तिथे नोंदलेलं असतं. फक्त कॅमेऱ्याची तारीख नीट लावलेली होती ना, ते एखाद्या वाढदिवसाच्या फोटोवरून ताडून घ्या. घरात दोन्ही कॅमेरे असतील तर दोन वेगळे फोल्डर करा, आणि तारखांवरून वार काढून मंगळवार मोजा.