नवापूर परिसरातील नाताळ

नंदुरबार जिल्ह्यातील नाताळ हा प्रामुख्याने नवापूर तालुक्याचा सण. चिंचपाडा, खांडबारा, विसरवाडी या पट्ट्यातील मावची अर्थात गावित समाजात ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. 'नाताळ' हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. मात्र या भागात ख्रिस्ती धर्म गोवा किंवा वसईच्या वाटेने आलेला नाही. मूळचे स्वीडनचे फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्यकर्ते विसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशात येऊन पोहोचले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय ही या मिशनरी परंपरेचीच खूण होय. कॅथलिक चर्चच्या रचनेत हा जिल्हा १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो.

येथील नाताळ समजून घ्यायचा तर ऊसतोडीचा हंगाम ध्यानात घ्यावा लागतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन या भागातील असंख्य जोडपी दक्षिण गुजरातेत बारडोली, सुरतकडे ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या अशा जोडीला 'कोयता' असेच म्हटले जाते. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या शिवारातील या 'खानदेशी' मजुरांच्या हलाखीचे सविस्तर चित्र मांडले आहे. तान्ही मुले आईबापांबरोबर फडावरच्या पालात राहतात. थोडी मोठी झालेली आजी-आजोबांकडे किंवा आश्रमशाळेत. होळीपर्यंत हंगाम बहुधा संपत आलेला असतो. नाताळ मात्र नेमका त्याच्या ऐन मध्यावर येतो.

त्यामुळे नाताळाला घरी येणे ही सहज घडणारी गोष्ट नसते. अंतर फारसे नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात तर दुसरा गुजरातेत आहे, हे सर्वश्रुत आहे. अडचण असते ती उचलीची. मजुरी टनावर मोजली जाते. कोयता दोन दिवस थांबला की उचल फिटणे तितकेच लांबते. म्हणून काही घरांतून एकटी आईच मुलांना घेऊन येते, काही घरांतून कोणीच येत नाही आणि नातवंडांचे नवे कपडे आजीलाच आठवडे बाजारातून आणावे लागतात.

डिसेंबर उजाडताच तयारी सुरू होते ती मुलांच्या हातांनी. बांबूच्या कामट्या बांधून त्यावर पतंगी कागद चिकटवला जातो, आत दिवा सोडून चांदणी उंच टांगली जाते. रविवारच्या शाळेत ख्रिस्तजन्माची नाटिका बसवली जाते. उंच मुले पूर्वेकडचे ज्ञानी होतात, घोंगडी पांघरलेली मधली मुले मेंढपाळ, तर ज्यांना एक वाक्यही पाठ होत नाही ती मेंढरे! शहरांतील देखाव्यांत कापसाचा बर्फ पसरतात. त्याची येथे गरज काय, असा प्रश्न पडतो. ज्या मुलांच्या घरी एकाच छपराखाली गुरेही बांधलेली असतात, त्यांना गव्हाणीचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. रात्री तरुणांची पथके ढोलकी-झांज घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. उपासना बहुतांशी मराठीत, गाणी मात्र मावचीतही.

२५ तारखेच्या उपासनेनंतर पंगती बसतात. वसईचे फुगे, गोव्याचे दोदोल किंवा बेबिंका यांचा येथे मागमूस नसतो. करंज्या, शंकरपाळे असा दिवाळीतलाच फराळ, जेवणात भात, भाकरी, भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ आणि कोंबडीचे कालवण.

या पंगतीत सगळेच ख्रिस्ती असतात असे नव्हे. एका भावाच्या घरी प्रार्थना, तर दुसऱ्याच्या घरी वाघदेव आणि डोंगऱ्या देवाची पूजा, अशी घरे या भागात आहेत. धर्म बदलला म्हणून जमात बदलत नाही. कायद्यानेही अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माशी जोडलेला नाही. धर्मांतरितांना या यादीतून वगळण्याची मागणी अधूनमधून होते. तिचे राजकीय परिणाम काय व्हायचे ते होवोत. तिची पहिली झळ अशा एकत्र कुटुंबांना लागेल, हे उघड आहे. २५ डिसेंबर १९९८ रोजी सीमेला लागून असलेल्या डांग जिल्ह्यात प्रार्थनास्थळांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा नंदुरबार जिल्हा स्थापन होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. डांगातील अनेक गावांशी या तालुक्याची सोयरीक आहे. ख्रिस्ती पुतण्यांच्या नाटिकेला न-ख्रिस्ती काका-मामांनी येऊन बसणे, याला त्यामुळेच महत्त्व आहे.

२६ तारखेपासून फडाकडे परतणे सुरू होते. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला गावात उरतात ती बहुतांशी वृद्ध माणसे आणि शाळकरी मुले. चांदणी उतरवण्याचे काम त्यांच्याकडेच येते.