वैद्यक खेड्यांत कोणीं न्यावें?

सन १९४३ च्या आक्टोबर महिन्यांत, महायुद्ध चालू असतांना आणि बंगालमध्यें दुष्काळानें माणसें मरत असतांना, हिंदुस्थान सरकारनें देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले आणि मुलकी नोकरींत हयात घालविलेले गृहस्थ. ते डॉक्टर नव्हते. १९४६ सालीं समितीचा अहवाल चार खंडांत बाहेर पडला. त्यांतील आंकडे आजही वाचवत नाहींत. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १६२ मुलें वर्षाच्या आंत दगावत. जन्मणाऱ्या जिवाला सरासरी २७ वर्षांचें आयुष्य लाभे. आणि ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर, तर ४३,००० माणसांमागें एक परिचारिका असें प्रमाण पडे. हीहि केवळ सरासरी होय. बहुतेक डॉक्टर शहरांत राहत असल्यामुळें खेड्याच्या वांट्यास त्यांतलें फार थोडें येई.

पैसे नाहींत म्हणून कोणाहि माणसाला पुरेशी वैद्यकीय मदत नाकारली जातां कामा नये, हें तत्त्व समितीनें अहवालाच्या पायाशींच घातलें. तें कागदावर राहूं नये म्हणून योजनाहि आंखली. आरंभीं ४०,००० वस्तीस एक प्राथमिक केंद्र. त्यांत दोन डॉक्टर, चार आरोग्य-परिचारिका, चार प्रसूतिका व चार शिकविलेल्या सुइणी. औषधोपचार आणि रोगप्रतिबंध हीं दोन्ही कामें एकाच छपराखालीं. योजना उत्तम होती. परंतु त्या केंद्रांत जाऊन राहणार कोण, या प्रश्नापाशीं समितींत दोन तट पडले.

त्या वेळीं देशांत नोंदलेले ४७,५२४ डॉक्टर होते. त्यांपैकीं विद्यापीठाचे पदवीधर १७,६५४; बाकीचे २९,८७० लायसेन्शिएट, म्हणजे वैद्यकशाळांतून थोडक्या वर्षांत तयार झालेले. तालुक्याच्या गांवीं फळीवर बाटल्या मांडून बसलेला, रात्रीं-बेरात्रीं बैलगाडींतून रोग्याकडे जाणारा डॉक्टर बहुधा या दुसऱ्या वर्गांतला असे. समितीच्या बहुमतानें ठरविलें कीं, यापुढें देशांत एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर निर्माण व्हावा व लायसेन्शिएटांच्या शाळा बंद कराव्या किंवा त्यांचीं कॉलेजें करावीं. सहा सभासदांनीं याविरुद्ध मत नोंदविलें. डॉक्टरांची एवढी टंचाई असतांना आणखी कांहीं वर्षें तरी या शाळा चालूं द्याव्या, असें त्यांचें म्हणणें होतें.

बहुमताच्या बाजूला न्याय नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. शहराला पदवीधर आणि खेड्याला लायसेन्शिएट, हा पंक्तिप्रपंचच. पण ज्या पंक्तींत वाढपीच येत नाहीं, तेथें पक्वान्नांची समानता काय कामाची? बहुमताप्रमाणें घडलें. पुण्याची बी. जे. वैद्यकशाळा १९४६ सालींच कॉलेज झाली. इतरत्रहि तसेंच झालें. नवा डॉक्टर अधिक विद्वान निघाला, आणि शहरांतच राहिला. १९५२ पासून समूह-विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रें उघडूं लागलीं खरीं. पण तीं ४०,००० वस्तीला नव्हे, तर ६०,००० ते १,००,००० वस्तीच्या गटाला एक, अशीं. कित्येक ठिकाणीं इमारत उभी राही आणि डॉक्टरची जागा रिकामी राही.

या कोड्याचें एक उत्तर १९७० नंतर अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड या अवर्षणी तालुक्यांत मिळालें, आणि तें समितींतील दोन्ही तटांच्या कल्पनेबाहेरचें होतें. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हे दोघेहि वेल्लोरच्या वैद्यकीय कॉलेजांत शिकलेले. पुढें अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून त्यांनीं जामखेडला काम सुरू केलें. खेडोपाडीं शिकलेल्या परिचारिका ठेवाव्या, हा त्यांचाहि पहिला बेत. तो फसला. परक्या गांवीं एकट्या राहण्यास त्या मुली धजत ना, आणि गांवच्या बायका त्यांच्यापाशीं मन मोकळें करीत ना. तेव्हां गांवांनीं आपल्यांतलीच एक बाई निवडून द्यावी असें ठरलें. निवडून आलेल्या बायकांपैकीं बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पुष्कळजणी दलित वस्तींतल्या होत्या. आठवड्यांतून त्यांनीं जामखेडला यावें, बाळंतपण, जुलाब, मुलांचें पोषण व लसटोचणी यांचें ज्ञान तोंडीं घ्यावें, आणि परत जाऊन घरोघर सांगावें, असा क्रम पडला. जिच्या हातचें पाणी सवर्ण घरांत चालत नसे, तिच्या हातीं त्या घरची सून बाळंत होऊं लागली. १९७२-७३ च्या दुष्काळांत विंधणविहिरी खणल्या गेल्या, त्याहि कित्येक गांवीं दलित वस्तींतच. पाणी हवें असेल त्यानें तेथें यावें.

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं या भागांत दर हजारीं १७६ अर्भकें दगावत. १९९३ पर्यंत हा आंकडा १९ वर आला. या घटीचें सारें श्रेय एकट्या आरोग्यसेविकांना देणें बरोबर नव्हे. पाणी, शेती आणि स्त्रियांचीं मंडळें यांचाहि त्यांत वांटा होता. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालच्या आपल्या एका ग्रंथांत जामखेडच्या प्रयोगाला स्थान दिलें, आणि तीनच वर्षांनीं अल्मा-आताच्या परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला.

पुढें २००५ सालीं सरकारनें ग्रामीण आरोग्य अभियानांत हजार वस्तीमागें एक 'आशा' नेमावयाचें ठरविलें. ती त्याच गांवची असावी ही अट घातली, परंतु तिला स्वयंसेविका म्हटलें, आणि वेतनाऐवजीं कामागणिक मोबदला ठरविला. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या लाखो बायकांचा जाहीर गौरव केला, तेव्हांहि त्या सरकारी नोकर नव्हत्या.