बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाजवळ कुत्रा चावल्याचा विषय काढला, की ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे शब्द हमखास निघतात. ही भीती खरीच होती. रेबीजची लस बेंबीभोवती, रोज एक याप्रमाणे, दोन आठवड्यांपर्यंत टोचली जाई. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असे.

1885च्या जुलैत पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली लस देवविली, आणि तो वाचला. त्यानंतर भारतातल्या गोऱ्या सैनिकांना पिसाळलेला कुत्रा चावला, तर त्यांना बोटीने थेट पॅरिसला धाडत. ही यातायात थांबवायला 1900 साली हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचे एकेकाळचे संचालक डेव्हिड सेंपल यांनी 1911मध्ये मेंदूतला विषाणू कार्बोलिक आम्लाने मारून लस केली. ती बाटलीत भरून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवता येई, त्यामुळे रुग्णाला डोंगरावर जावं लागेना. ही लस पुढे कुन्नूरला आणि परळच्या हाफकिन संस्थेतही तयार होऊ लागली. या लशीने असंख्य जीव वाचवले, हे आधी मान्य करायला हवं.

पण तिच्यात मेंदूचा अंश राहायचा. काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्या अंशाबरोबर स्वतःच्या मज्जातंतूंवरही उलटे. क्वचित लकवा येई, मृत्यूही ओढवे. इथेच साध्या ओरखड्याचा प्रश्न अवघड झाला. रक्ताळलेल्या चाव्याला लस द्यायची की नाही, असा प्रश्नच नव्हता. घरच्या मांजराने नख मारलं, कातडी जेमतेम खरचटली, तर काय करायचं? रोगाचा धोका लहान, पण लशीचाही धोका होताच. म्हणून जखमेच्या प्रतीनुसार मात्रा ठरे, आणि कुत्र्या-मांजराला दहा दिवस नजरेखाली ठेवत. ते धडधाकट राहिलं, की उरलेली इंजेक्शनं थांबवत. त्या काळच्या आईबापांनी ते दहा दिवस दारातल्या प्राण्यावर डोळे लावून काढले असतील.

जखमेचे उपचारही तितकेच क्रूर होते. सुश्रुताने दंश तापलेल्या तुपाने डागायला सांगितलं. युरोपात लालभडक लोखंड वापरत. गावोगावी हळद, चुना, तिखट भरण्याची चाल तर अजून गेलेली नाही, आणि ती घातकच आहे. 1943 साली अमेरिकेत गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की साबणाचं पाणीही चांगलं संरक्षण देतं. विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, साबण तेच फोडतो. आज पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं हा पहिला उपचार मानला जातो.

लशीचा धोका मात्र पेशींच्या संवर्धनात वाढवलेल्या विषाणूपासून बनवलेल्या नव्या लशीने मिटवला. इराणमध्ये पिसाळलेल्या लांडग्या-कुत्र्यांनी चावलेल्या 45 जणांना ती लस देण्यात आली, सगळे जगले. हा अहवाल 1976चा. भारतात मेंदूची लस बंद व्हायला 2005 उजाडलं. एवढा उशीर कशाने माफ करावा? गरीब रुग्णाला सरकारी दवाखान्यात तीच फुकट मिळे, नवी महाग होती. पुढे 2006पासून कातडीत दोन ठिकाणी 0.1 मिलिलिटर टोचण्याची पद्धत आली, आणि थोडक्या लशीत भागू लागलं.

आता इंजेक्शन दंडात. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही जखम धुऊन लस देतात. रक्त आलं असेल, तर सोबत जखमेत प्रतिपिंडंही भरतात. लशीचा क्रम चालू असतानाच पाळीव मांजराने पुन्हा नख मारलं, तर नवी जखम तशीच धुवायची, डॉक्टरांना दाखवायची आणि ठरलेली तारीख चुकवायची नाही. क्रम पुरा झाल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा असं घडलं, तर नुसती जखम धुणं पुरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली सांगितलं.